बाळंतिणीच्या घरी मदतीला जाताय? तिसरी आजी होऊ नका

मागच्या महिन्यात आमच्याकडे चार नव्या जणी आल्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, एक तर रिटायर्ड मुख्याध्यापिका. चौघींचं म्हणणं एकच, की आम्हाला बाळाला न्हाऊ घालता येतं, मालिश येते, डिंकाचे लाडू येतात, मग अजून शिकायचं काय? म्हटलं एकदाचं लिहूनच काढते, दर वेळी तोंडी सांगून घसा बसतो.

आधी आम्ही करतो काय ते. इंदूरमध्ये राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर या पट्ट्यातल्या आम्ही दहा-बारा बायका आहोत. ज्या घरी नवीन बाळ आलंय आणि माणूसबळ कमी आहे तिथे आमच्यातली एक जण आठवड्यातून एकदा दोन तास जाते, साधारण बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. आणि महिन्यातून दोन बुधवारी सगळ्या आया बाळांना घेऊन एकत्र बसतात. बस, एवढंच. पैसे नाहीत, बोर्ड नाही, उद्घाटन नाही.

कल्पना काही आमच्या डोक्यातली नाही. इंग्लंडात लेस्टर शहरात मार्गारेट हॅरिसन नावाच्या बाईंनी १९७३ साली होम-स्टार्ट सुरू केलं ते हेच, की जिने स्वतः पोरं वाढवलीत तिने नव्या आईच्या घरी जायचं, तपासायला नाही, सोबतीला. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवलं, तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात ते छापून आलं. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा ताई बाळाच्या घरी जातात, डिलिव्हरी दवाखान्यात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पण शहरात आशा मुख्यतः वस्त्यांसाठी असतात. फ्लॅटमधल्या बाईकडे कोणी येत नाही कारण सगळ्यांना वाटतं ही शिकलेली आहे, दारात गाडी आहे, मोबाइलवर सगळं मिळतं, हिला काय कमी. आणि नेमकी तीच दुपारी तीनला बाळ मांडीवर घेऊन रडत बसलेली असते, नवरा सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात, आई नागपूरला, सासू आहे पण तिचेच गुडघे दुखतायत.

जायच्या आधी

स्वतःला विचारा की आपल्याला जायचं का आहे. घरी नातवंडं नाहीत, हात शिवशिवतात म्हणून जायचं असेल तर थोडं थांबा. स्वतःच्या घरात नुकतंच काही दुःखाचं झालं असेल तरी थांबा, कारण तिथे जाऊन आपलंच भरून येतं आणि मग तिने आपली समजूत घालायची अशी उलटी गंगा. सर्दी-खोकला असेल तर त्या आठवड्यात फोनवरच बोलायचं, मास्क लावून जाते म्हणणाऱ्या बायका मला माहितीयेत, त्यांना पण नाही म्हणून सांगून देते मी.

तयारीला आम्ही चार दुपारी ठेवतो. एक दुपार बालरोगतज्ज्ञाबरोबर, धोक्याच्या खुणा पाठ व्हायला. एक स्तनपानाचं शिकवणाऱ्या सिस्टरबरोबर. एक नुसतं ऐकण्याची, म्हणजे दोघींनी समोरासमोर बसायचं, एकीने पाच मिनिटं बोलायचं आणि दुसरीने "अगं माझ्या वेळी तर" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. मुख्याध्यापिका बाई चाळीस सेकंद टिकल्या. चौथी दुपार जुन्या बाईच्या मागे मागे तिच्या भेटीला जायचं आणि गप्प बसायचं.

मग पहिला फोन. तो बाळाच्या आईला करायचा, तिच्या सासूला नाही, नवऱ्याला नाही, जिने आपल्याला सांगितलं त्या शेजारणीला तर अजिबात नाही. "तुझ्याकडे कोणी आलेलं तुला चालेल का" एवढं विचारायचं. नाही म्हणाली तर नाही. महिन्याभराने परत एकदा विचारा, आमच्याकडे निम्म्या तरी दुसऱ्या फोनला हो म्हणतात.

पहिली भेट

माझी पहिली चूक सांगते, म्हणजे तुम्ही तीच कराल तेव्हा आठवेल. विजय नगरच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी, तीन आठवड्यांचं बाळ. मी गेले तेव्हा बाळ लालबुंद होऊन रडत होतं आणि ती त्याला घेऊन या खोलीतून त्या खोलीत. मी पर्स ठेवली, बाळ घेतलं, खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटलं, तीस वर्षांचा हात तो, बाळ मिनिटात गप्प. मी मनातून खूश. मी म्हटलं, "बघ, असं धरायचं." ती हसली. पुढच्या आठवड्यात तिने फोन उचलला नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. खूप नंतर तिच्या बहिणीकडून कळलं की त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली होती, परक्या बाईकडे गेल्यावर गप्प होतं, माझ्याकडेच रडतं, मी त्याला नकोय.

तेव्हापासून आमचा नियम आहे, पहिल्या तीन भेटींत बाळ आपणहून घ्यायचं नाही. तिने "घेता का जरा, अंघोळ करून येते" म्हटलं तरच. बाळाला दोन आज्या असतातच, त्यांचं प्रेम, त्यांचे सल्ले, त्यांचा एकमेकींवरचा राग सगळं त्या घरात आधीच भरलेलं असतं, त्यात तिसरी कशाला.

मग करायचं काय? गेल्या गेल्या हात धुवा, साबणाने, कोपरापर्यंत. बांगड्या-अंगठ्या घरीच काढून जा. बसताना तिच्या शेजारी बसा, समोर नाही, समोर बसलं की मुलाखत होते. आणि आजूबाजूला बघा, पण पसारा नाही बघायचा, ताट बघायचं. त्या विजय नगरच्या घरी टीपॉयवर पोह्यांची प्लेट होती, वरची शेव मऊ पडलेली, जिरावन मसाला पोह्यांत ओला होऊन काळपट झालेला, दोन घास खाल्लेले, आणि शेजारी चहावर साय धरलेली. साडेअकरा वाजले होते. ती प्लेट मला दिसली होती हो, पण मी बाळाकडे धावले. आज गेले असते तर चहा परत गरम केला असता आणि तिच्या हातात कप देऊन म्हटलं असतं, बाळ मांडीवर असू दे, रडू दे दोन मिनिटं, तू पी.

पहिला प्रश्न बाळाचा विचारू नका. वजन किती, दूध घेतं का, रात्री झोपतं का, हे तिला दूधवाल्यापासून सगळे विचारतात. "तू काल रात्री सलग किती वेळ झोपलीस?" हा विचारा. उत्तर बहुतेक "दोन तास" येतं आणि मग पुढचं आपोआप येतं.

दुधाचा विषय

दहातल्या आठ घरी पहिलं वाक्य हेच, की दूध पुरत नाही. सासू म्हणते, आई म्हणते, मालिशवाली म्हणते, शेवटी तीही म्हणायला लागते. त्यामुळे इथे नीट शिकून घ्या, बाकी काही नाही आलं तरी चालेल.

पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, थोडाच येतो, बाळाला तेवढाच लागतो, पोटच केवढंसं असतं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध, म्हणजे घड्याळ लावून तीन तासांनी नाही, बाळ तोंड इकडेतिकडे करायला लागलं की. आणि सगळ्यात सोपा हिशोब शूचा: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, कोण काय म्हणतं ते सोडा. संध्याकाळी पाच ते नऊ बाळ सारखं सारखं पितं आणि किरकिरतं, त्याचा अर्थ दूध संपलं असा नाही, पुष्कळ बाळं तशीच असतात.

पाजताना तिने दाखवलं तर बघा, नाही दाखवलं तर आग्रह नको. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि निप्पलभोवतीचा काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसतोय, एवढं असेल तर पकड चांगली. निप्पलला चिरा आणि पाजताना डोळ्यात पाणी येण्याइतकं दुखतंय म्हणजे बहुतेक पकड चुकतेय, "सहन करावं लागतं बाई" म्हणायचं नाही, सिस्टरकडे पाठवायचं. दोनदा पाठवायला लागलं तर दोनदा.

आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर तिला अपराध्यासारखं वाटू देऊ नका. पाणी उकळलेलं, माप डब्यावरचंच, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं, घरात आजीच्या वेळचं चांदीचं असेल तर उकळून घ्यायचं. दुधाच्या डब्यांचे फुकट सँपल मात्र कोणी ग्रुपमध्ये वाटायला आलं तर दारातूनच परत, दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची जाहिरात आणि असलं वाटप यावर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

सासूबाई

याच्यावर मी एक वेगळं पुस्तक लिहू शकते, पण थोडक्यात. घरातली मोठी बाई आपली शत्रू नाही. तिला बाजूला सारून सुनेला शिकवायला गेलात तर तुमच्यामागे त्या सुनेलाच ऐकावं लागतं, आपण दोन तासांनी घरी येतो, ती तिथेच राहते. मी एकदा सुनेसमोरच म्हटलं होतं, "गुटी देऊ नका हो, जुन्या गोष्टी सोडा आता." सासूबाई काही बोलल्या नाहीत, सहाण उचलून आत घेऊन गेल्या, आणि पुढच्या वेळी बेल वाजवली तर आतून आवाज आला, सगळे झोपलेत.

परंपरेतल्या बऱ्याच गोष्टी छान आहेत, त्यांची मोकळेपणाने तारीफ करा. सव्वा महिना विश्रांती, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, हलक्या हाताची मालिश, कोणीतरी केस धुवून द्यायचं, हे टिकवायचं. अडवायचं फक्त जिथे धोका आहे तिथे. मध नाही, वर्षाचं होईपर्यंत चाटवायचाही नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. सहा महिने पाणी नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, आणि मे महिन्यात इंदूर तापलं तरी नाही, आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. डोळ्यात काजळ नाही, पुष्कळ काजळांत शिसं असतं, तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, नजर तिथूनही उतरते म्हणावं. आणि जानेवारीच्या थंडीत खिडक्या-दारं बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात ना शेकायला, धुरी द्यायला, ते सगळ्यात वाईट. त्याचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. इथे मी लाजत नाही, स्वतः उठून खिडकी उघडते.

बाकीचं सांगायची रीत अशी, की सांगायचं नाही, काम द्यायचं. बाळ अडीच किलोच्या आतलं असेल तर त्याला उघड्या छातीशी धरून ठेवायचं असतं, कांगारूसारखं, आणि ते आजीसुद्धा करू शकते. एका घरी आजीबाईंना हे सांगितलं, शाल कशी गुंडाळायची ते दाखवलं, त्या रोज दुपारी दोन तास नातवाला घेऊन पडायला लागल्या आणि गुटीचा विषय कधी मागे पडला कोणालाच कळलं नाही.

हे पाठच पाहिजे

दोन महिन्यांच्या आतल्या बाळात यातलं काहीही दिसलं की गप्पा बंद, सल्ला बंद, दवाखाना: दूध ओढत नाही किंवा अचानक कमी केलं, झटके, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत जातो, काखेत ताप ३७.५ सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा वर, किंवा अंग गार पडलंय, हलवल्याशिवाय हालचाल नाही, तळहात-तळपाय पिवळे, किंवा पहिल्याच दिवशी कुठेही पिवळेपणा, नाळेच्या भोवती लाली-पू. श्वास मोजताना बाळ शांत हवं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, बाळांचा श्वास मध्येच थांबतो मध्येच पळतो. साठ आले तर परत एकदा मोजा.

आईचं पण आहे, ते लोक विसरतात. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, ताप, घाण वासाचा स्राव, खूप डोकं दुखून नजर धूसर, एका पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, धाप. सहा आठवडे हे डोक्यात ठेवायचं. गाडी नसेल तर १०८. रिक्षा शोधत बसू नका.

लसीकरणाची तारीख एवढीच विचारा: जन्माला, मग ६, १०, १४ आठवडे, मग ९ महिने. कार्ड बघायला मागितलं तर आवडतं त्यांना, त्यातला वाढीचा आलेख कोणी समजावून सांगितलेला नसतो.

तिचं मन

तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी उगाच रडू येणं, चिडणं, हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत बहुतेक ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, जेवण नाही, केस विंचरलेले नाहीत, बाळाकडे बघताना चेहऱ्यावर काही येत नाही, किंवा उलट बाळाला काही होईल या भीतीने रात्रभर श्वास बघत बसते, तर ते "नवीन नवीन असं होतंच" म्हणून सोडायचं नाही. हा आजार आहे, औषधाने आणि बोलण्याने बरा होतो. पाकिस्तानात रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत साध्या आरोग्य सेविकांनाच घरी जाऊन बोलण्याची पद्धत शिकवली होती, २००८ मध्ये त्याचे आकडे आले, बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांच्याकडे अशी शिकलेली सेविका जात होती त्यांच्यात २३ टक्के आया अजून डिप्रेशनमध्ये होत्या, बाकीच्यांत ५३ टक्के. सेविका त्याच, फक्त बोलायचं कसं ते शिकलेल्या.

एक प्रश्न सगळ्याच टाळतात. "कधी असं वाटतं का गं, की मरून जावं, किंवा बाळाला काही करून टाकावं?" विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही, असेल तर बाहेर येतं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझाच आवाज बसला होता, भाजी निवडत निवडत विचारलं, मेथीची जुडी होती, मान वर न करता. तिनेही मान वर न करता "हो" म्हटलं. त्यानंतर मी तिला सांगितलं की बाकी तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण हे एक मी एकटी ठेवू शकत नाही, तुझ्या नवऱ्याला बोलावते आणि तोपर्यंत मी इथून हलत नाही. असंच करायचं. एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि १४४१६ वर टेली-मानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ती दोन-तीन रात्री अजिबात झोपलेली नाही, भलतेच आवाज ऐकू येतात, बाळ बदललंय असं म्हणते, असं काही असेल तर फोन-बिन नाही, थेट हॉस्पिटल.

आणि रडण्याचं एक. बाळाचं रडणं साधारण सहा आठवड्यांच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत कमी होतं. सगळं करून झालं, दूध झालं, ढेकर झाला, कपडे बदलले, तरी रडतंय आणि आता माझ्याच्याने होत नाही असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं आणि पाच मिनिटं गॅलरीत जायचं. हे तिला आधीच सांगून ठेवा, त्या क्षणी सुचत नाही. बाळाला रागाने हलवायचं नाही, गदगदा तर कधीच नाही, मेंदूत रक्तस्राव होतो.

बाबा लोक

यांच्यावर लोक उगाच हसतात. पुष्कळांना करायचं असतं, कोणी करू देत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस सुट्टी मिळते, प्रायव्हेटमध्ये कंपनीच्या मर्जीवर. एक ठरलेलं काम द्या, अर्धवट मदत नको, म्हणजे रात्री पाजून झालं की ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं त्याचंच. आणि दुसरं काम दारावर उभं राहण्याचं, बाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना "आत्ता झोपलेत दोघं" सांगणं. हे बायको सांगू शकत नाही, तो सांगू शकतो.

बुधवारची बैठक

घरी जाणं एवढंच पुरत नाही, कारण आपण कितीही केलं तरी आपल्या वयाच्या. तिला तिच्यासारखीच, कालच रात्री जागलेली पाहिजे. झारखंड-ओडिशात एकजूट संस्थेने गावोगाव बायकांचे गट दर महिन्याला बसवले, गोष्टी, चित्रं, खेळ यातून त्यांनीच आपल्या अडचणी काढल्या आणि त्यांनीच उपाय ठरवले, २०१० मध्ये निकाल आला, त्या भागात तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. तिथे गटात भाषण देणारं कोणी नव्हतं हे लक्षात घ्या.

आमचं असं. साडेतीन ते पाच, कारण त्या वेळी घरात स्वयंपाक नसतो. आठ-दहा आया, त्यापेक्षा जास्त झाल्या की दोन गट. तळमजला हवा, जिने चढून बाळ आणि बॅग आणायची म्हणजे अर्ध्या जणी येतच नाहीत. खुर्च्या नाहीत, सतरंजी. पाजायला एक कोपरा ओढणी बांधून. पहिली वीस मिनिटं काहीच करायचं नाही, सगळ्या उशिराच येतात. मग एकच प्रश्न टाकायचा, "या आठवड्यात कुठली रात्र सगळ्यात लांब होती?" आणि आपण चहा करायला आत जायचं. खरंच आत जा. दारात उभं राहून ऐकत राहिलं की त्या आपल्याकडे बघून बोलतात.

नियम तीनच आहेत. बाळांच्या वजनाची आणि "अजून मान धरत नाही का" असली तुलना नाही. विकणारं कोणी नाही, मालिश तेल नाही, विमा नाही, ऑरगॅनिक काहीतरी नाही. फोटो नाहीत, कुणाच्याही बाळाचा स्टेटस ठेवायचा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर औषधाचं नाव लिहिलं की ॲडमिन डिलीट करते, मग ती कितीही रुसो. ज्या आईचं बाळ अजून काचेत आहे, किंवा जिचं गेलं, तिला ग्रुपमध्ये ओढायचं नाही, तिच्याकडे आपण एकट्याने जायचं, आणि गेलेल्या बाळाचं नाव ठेवलं होतं का ते विचारायचं.

आज्यांची वेगळी बैठक पण आहे, दोन महिन्यांतून एकदा, डॉक्टरांना बोलावून. तिथे गर्दी जास्त असते. जी गोष्ट सुनेने सांगितली की फॅशन होते ती डॉक्टरांनी सांगितली की "मी पण हेच म्हणत होते" होते.

वही आणि शेवटची भेट

प्रत्येक भेटीनंतर वहीत चार ओळी, घरी येऊन, तिच्यासमोर नाही. तारीख, तिने काय म्हटलं, मी काय कबूल केलं, पुढच्या वेळी काय विचारायचं. नाव लिहायचं नाही, नंबर देतो आम्ही. वही कपाटात. आपल्या घरी जेवताना "अगं त्या अमक्यांच्या सुनेचं" हे निघालं की आपलं काम संपलं, इंदूर मोठं झालं असेल पण मराठी इंदूर अजून एवढंसंच आहे, रामबागेत बोललेलं तिलक नगरात संध्याकाळपर्यंत पोचतं.

तीन भेटी झाल्या की जुन्या बाईबरोबर बसून आपलं सांगायचं, काय जड गेलं ते. एका वेळी दोनच घरं घ्या, तीन नको.

भेटी थांबवायच्या तर पाचव्या महिन्यापासूनच सांगायला लागा, अचानक नको. आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. मला कळतं कधी थांबायचं ते, ती दार उघडते तेव्हा एका हातात बाळ, दुसऱ्या हातात मोबाइल, तिसऱ्याच बाईशी फोनवर बोलत असते, "अगं संध्याकाळी किरकिरतातच, शू किती वेळा होतेय ते मोज आधी", आणि मला हाताने खूण करते, बसा, आले.

येत्या बुधवारी यायचं असेल त्यांनी सव्वातीनलाच या, सतरंज्या घालायच्या असतात. पाण्याची बाटली आपली आपली. नखं कापून या, आणि बांगड्या घरी.